रात्रभराची भूक कुठे गेली?

चोरीला काय काय जातं, पण माणसांची भूक चोरीला गेल्याची तक्रार घेऊन सत्यभामाबाईंकडे आजवर कोणी आलं नव्हतं.

देऊळघाटची प्राची रडतच आली. बुलढाण्याच्या एका प्रयोगशाळेत ती नुकतीच रुजू झाली होती. भूक लागली की रक्तात कोणतं संप्रेरक वाढतं, याचा तिथे अभ्यास चाले. तिच्याच गावची माणसं रात्रभर तिथेच उपाशी ठेवून सकाळी रक्त घेतलं, तर भुकेचं संप्रेरक पडलेलं आणि साखर चढलेली!

"डॉक्टर म्हणतात, तूच चारलं. आज खरं सापडलं नाही तर मले घरी बसवतील. बाई, बाबा पेढे वाटाले निघाले होते, त्यायलेही म्या थांबवलं. म्हटलं, नोकरी कायम झाल्यावर वाटू."

सत्यभामाबाई पोलिसातून निवृत्त होऊन खासगी तपास करत. सोबतीला भाचा इंद्रभान. मनाने चांगला, डोक्याने निवांत.

उपाशी राहिलेल्या गीताबाईंना त्यानेच विचारलं, "काही खाल्लं होतं?"

"नाही जी. भाकरीचा तुकडा नाही. पोरीची आण."

इंद्रभानचं समाधान झालं. त्याचं लवकर होतं.

मग जुना सहायक हर्षल. पहाटे प्राची आत बर्फ आणि नळ्या मांडत होती, तेव्हा दाराची किल्ली याच्याकडे होती.

"चिमणीसुद्धा आत आली नाही," तो म्हणाला. "मले डावलून हिले घेतलं न, भोगा आता. काम येत नाही अन् आधी पेढे वाटतात!"

इंद्रभान हसला. बाई हसल्या नाहीत. त्या पुन्हा गीताबाईंकडे गेल्या.

"मावशी, सकाळी तोंड कोणी गोड केलं?"

गीताबाई खुलल्या. "कडूबाभाऊनं! पोरगी लागली म्हणून दोन-दोन पेढे. शकुनाले नाही म्हणतेत काय?"

"मग खाल्लं म्हणून सांगितलं काऊन नाही?"

"अवो, ते का खाणं व्हय?"

डॉक्टर शेखरांच्या खोलीत बाईंनी सगळं मांडलं.

"कडूबा म्हणजे प्राचीचे वडील. पोरीने बजावलं होतं, पण बापाचं मन! भाजी घेऊन बाजाराला जाताना राहवलं नाही. दाराला कुलूप, किल्ली हर्षलकडे. प्राचीच्या लेखी पेढे वाटलेच नव्हते, मग याला पेढे कळले कुठून? दार यानेच उघडलं. 'रक्त घेतल्यावर वाटा' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. हा गप्प बसला."

"म्या कुठं चारले?" हर्षल म्हणाला. खोटं नव्हतं ते.

डॉक्टरांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "वाटले तिच्याच बापाने. हर्षल जुना माणूस आहे. चूक कोणाची, म्हणून वर एक नाव तर कळवावंच लागेल."

खरं सापडलं आणि पोरीची जागा गेली ती गेलीच. असलं खरं काय चाटायचंय!

बाहेर कडूबा खोका घेऊन उभे होते. सकाळपासून भाजीसुद्धा विकली नव्हती. "घ्या न बाई. पोरगी मोठ्या कामाले लागली."

बाईंनी प्राचीकडे पाहिलं. सांगू नका, अशी तिने मान हलवली आणि स्वतःच एक पेढा तोंडात टाकला.

"गोड आहे बाबा," ती म्हणाली.

इंद्रभानने मात्र त्याच्या हातातला पेढा हळूच खोक्यात परत ठेवला.