उताणी अक्षरे

दोघेही खांबाकडे पाहत उभे होते. खांबावरच्या उभ्या, अरुंद पाटीवर लाल दिव्यांच्या ठिपक्यांची 'सुरमई' उताणी पडली होती... चारही अक्षरे एकाखाली एक, शिरोरेषा भिंतीसारखी एका बाजूला टाकून. पलीकडे सुरूंच्या आड समुद्र आपल्याच नादात होता.

"परत चुकलास," मनस्विनी म्हणाली.

"तुम्ही सांगितलेली ओळ जशीच्या तशी टाइप केली."

"नव्वद लिहिलंस?"

"लिहिलं असणार..."

"असणार म्हणजे?"

"खानावळवाला माणूस मी, मॅडम," शुभंकर म्हणाला. "मीठही अंदाजानेच घालतो."

तिला हसू आले नाही. उद्या ती नोकरीसाठी पुण्याला निघायची होती.

भाद्रपदात आरे-वारेच्या रस्त्यावर तिची स्कूटर बंद पडली आणि ती 'दमयंती खानावळी'च्या पडवीत शिरली, तेव्हा हाच शिडीवर चढून, मान वाकडी करून, ही पाटी वाचत होता. राजापूरच्या बंद पडलेल्या एका दुकानातून आणलेली जुनी पाटी.

"ती आडवी लावायची असते," ती न राहवून म्हणाली होती.

"आडवी लावली तर फक्त समोरच्या सुरूंना दिसेल. आणि ते जेवायला येत नाहीत."

वळणावरून दिसायची तर पाटी उभीच हवी होती. आणि पाटी उभी केली की अक्षरे आडवी होत होती. मनस्विनी नोकरीच्या पत्राची वाट पाहत घरी बसलेली इंजिनिअर. तिने गल्ल्यावरच्या जुन्या संगणकासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात चित्रे नव्हती, बटणे नव्हती; काळ्या पडद्यावर एवढेच टाइप करायचे: फिरव, मग अक्षर, मग अंश. अक्षर म्हणजे ठिपक्यांचे चिमुकले शेत. आडव्या ओळी उभ्या व्हायच्या, आणि पाटीवर अक्षर उठून उभे राहायचे.

पहिल्यांदा मात्र सगळी अक्षरे खाली डोके वर पाय करून लटकली. वायर वरून येते असे धरून तिने ती फिरवली होती. त्याने किनाऱ्यावरच्या रीतीप्रमाणे वायरीचे तोंड खाली ठेवले होते.

"आमच्याकडे पाऊस वायर धरून आत येतो, मॅडम," तो शिडीवरून म्हणाला, आणि ती पोट धरून हसली होती. मग तिने कोन उलट बाजूचा केला.

पुढे रोजचा नवा मासा नवी अक्षरे मागू लागला. "उद्या मुडदुशे मिळणारेत. 'दु' आहे का आपल्याकडे?" "नाही." "मग यावं लागणार..." ती ठिपका ठिपका मांडत बसायची, तो न विचारता सोलकढीचा पेला ठेवायचा, तिच्यापुरती मिरची कमी घातलेली. एकदा उकाराच्या शेपटीवर दोघांची बोटे एकाच वेळी टेकली — आणि कुणीही लगेच मागे घेतली नाहीत. ती म्हणे 'तू'; तो 'तुम्ही' सोडत नसे. हळूहळू अक्षरे पुरी झाली. फिरवणे तेवढे त्याला काही केल्या जमेना, आणि रोज फोन येई.

स्वयंपाकघरातून दमयंतीकाकू हात पुसत बाहेर आल्या. "आलीस गो बाय? बघ ना, सकाळी दूधवाला आला तेव्हा सुरमई कशी ताठ उभी होती! ह्याने तुला फोन केला नि मग तिला काय झालं कोण जाणे." भाताची आठवण होऊन त्या लगेच आत वळल्या.

मनस्विनी शुभंकरकडे वळली.

"सकाळी उभी होती?"

"आई हल्ली चष्मा लावत नाही..."

"शुभंकर."

"...होती."

"आणि मुडदुशे?"

"तेही."

"बांगडा?"

"बांगडा खरंच चुकला होता."

रागवावे असे मनस्विनीला वाटले. राग काही आला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो रस्त्याकडे पाहत होता.

"उद्या हातखंब्याला गाडी पकडायची आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ते काम इथे बसूनही होतं. विचारलं तर हो म्हणतील, नाहीतर दुसरं शोधेन. पण त्यांना विचारायच्या आधी..." तिचा आवाज थोडा खाली आला. "मी थांबू?"

त्याने तिच्याकडे पाहिले — क्षणभर, पण पुरते. मग तो गल्ल्यामागे जाऊन संगणकापुढे बसला. आजवर एका बोटाने अक्षर शोधणारा तो, आज त्याचे दोन्ही हात न अडखळता चालले. एक ओळ. आणखी एक. काळ्या पडद्यावर कुठेही अंदाज नव्हता.

खांबावर सु उठला. मग र, मग म, आणि शेवटी ई, रफारासकट. सुरमई ताठ उभी राहिली, वळणावरून येणाऱ्या कुणालाही वाचता यावी इतकी सरळ. उद्या कुणाला फोन करून बोलवावे असे पाटीत काहीच उरले नव्हते.

"शुभंकर..."

त्याने गल्ल्यावरचा तिचा सोलकढीचा रिकामा पेला उचलला, आणि "उद्याची गाडी चुकवू नका, मॅडम," एवढे म्हणून तो आत निघून गेला.