कडेच्या सीटवरचा प्रवासी

चाचणी-केंद्राच्या अंगणात चालकविरहित टॅक्सी भर उन्हात उभी होती. समोरच्या नियंत्रण-कक्षात केतकी बोरकुटे पडद्याला डोळे लावून बसली होती. गेल्या मे महिन्यात अशाच टॅक्सीत तिचे वडील वारले. गाडीने मदत मागवलीच नाही. कंपनीने आतली छायाचित्रं पुढे केली. प्रत्येकात बाबा ताठ बसलेले.

"छतावरचं विस्तृतकोन भिंग अख्खी गाडी एका चित्रात घेतं," मागच्या सीटच्या कडेला बसलेले देवतळे सर माइकवरून सांगत होते. सत्तरी ओलांडलेले हे तिचे प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक. "पण त्यात कडेच्या वस्तू वाकतात, ताणल्या जातात. मध्य तेवढा जसाच्या तसा राहतो. मग सरळीकरण-प्रणाली कडा सरळ करते."

"पण माणूसच वाकडा झाला असेल तर?"

"तिथंच घोळ आहे! ती शिकलीय ताठ बसलेल्या लाखो प्रवाशांवरून. कलंडलेला माणूस तिला भिंगाचा दोष वाटतो, आणि ती त्याला आधीच्या चित्रांवरून सरळ करून टाकते. मग मदत कशाला मागवेल? अर्थात, हा माझा अंदाज."

"सर, निदान एसी तरी लावा."

"तुझ्या बाबांच्या गाडीत त्या दिवशी बंद पडला होता ना? उष्णतेनं भिंगही बदलतं. प्रयोग तसाच हवा. आणि मी नागपूरचा आहे गं, उन्हाचं कौतुक मला सांगू नकोस. मुद्दाम कलंडलो की 'आता' म्हणेन. तोवर कशाला हात लावायचा नाही."

पडद्यावर एकामागून एक छायाचित्रं येत राहिली. सर ताठ, चष्मा नाकावर.

"सर, लग्नाचा फोटो काढायला बसलात का? कलंडा की!"

उत्तर नाही. केतकीला हसू आलं. विद्यार्थी उतावीळ झाला की मुद्दाम गप्प बसायची सरांची जुनी खोड. ती थांबली. बाबांसाठीचा हा एकुलता एक पुरावा घाईने नासवायचा नव्हता.

पुढचं छायाचित्र आलं. सर तसेच. मात्र चित्राच्या मधोमध, पायपुसण्यावर, काहीतरी चकाकत होतं. तिने ते मोठं करून पाहिलं. सरांचा चष्मा होता, एक काडी वाकलेली.

तिने कडेला पाहिलं. सरांच्या नाकावरही चष्मा होता.

मध्य तेवढा जसाच्या तसा राहतो.

खुर्ची मागे कोसळली. केतकी धावत सुटली. दार उघडताच भट्टीसारखी हवा तोंडावर आली. सर सीटवर आडवे झाले होते, मान लोंबत होती. तिने मनगट धरलं. बोटांना काहीच लागेना.

"मदत मागव!" ती गाडीवर ओरडली. "लवकर!"

गाडी नम्रपणे म्हणाली, "प्रवासी ताठ बसले आहेत. कृपया दार लावा."