काटा लालात गेल्यावर

गाडी गरम होते म्हणून कोणी माझ्याकडे आलं की मी आधी काहीच करत नाही. चावी बंद करायला लावतो, बॉनेट उघडं टाकतो आणि मालकाला स्टुलावर बसवतो. अर्धा तास. तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. पंचविशीत मी ती घाई केली होती. उजव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी अजून तशीच चुरगळलेली आहे. लोकांना तो अर्धा तास जड जातो. मग ते बोलायला लागतात आणि गाडीला काय झालंय ते मला बरंचसं त्या बोलण्यातूनच कळतं.

नानांची मुलगी मात्र त्या अर्ध्या तासात एक अक्षर बोलली नाही. बॅग मांडीवर घेऊन गाडीकडे बघत बसली होती.

ती गाडी मला नवीन नव्हती. नाना सरकारी मोजणीदार. त्यांची ती निळी गाडी बावीस वर्षं फक्त माझ्याच हाताखालून गेली. वक्तशीर माणूस. गाडी लावली की खाली उतरून आधी बॉनेटवर तळवा ठेवायचे, पोराचं कपाळ बघावं तसा, आणि मला म्हणायचे, "बघा बुवा मिस्त्री, अंग कढत लागतंय का." लागत कधीच नसायचं. ती आली त्याच्या पाच महिने आधी नाना झोपेतच गेले आणि गाडी मुलीकडे आली. मुलगी ग्रंथालयात कामाला, नवरा जहाजावर, म्हणजे वर्षातले आठ महिने घरात ती आणि तिची सहा वर्षांची पोर ठकी, दोघीच.

शेवटी मीच विचारलं. घरून दवाखान्यापर्यंत चार किलोमीटर, सपाट रस्ता, आणि तेवढ्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकतो, असं तिचं म्हणणं. येताना? येताना अर्ध्यावर. ग्रंथालयात जाताना? कधीच नाही.

"मग दवाखान्यात जाऊच नकोस," मी म्हटलं. ती हसली नाही. तेव्हा कळलं की ठकीला नाना गेल्यापासून ताप येतोय. आठवड्यातून दोनदा, तीनदा, एकशे तीन, एकशे चार. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट स्वच्छ. आणि वैताग असा की पोरीला घेऊन दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेला असतो. डॉक्टरीणबाई थर्मामीटर बघतात आणि मग आईकडे बघतात.

"माझ्याकडच्या गाड्यांसारखीच आहे तुझी पोर," मी म्हटलं. "मिस्त्रीच्या दारात आल्या की शहाण्यासारख्या चालतात." हे मी किती सहज बोलून गेलो, त्याची आता लाज वाटते.

गाडी ठेवून घेतली. पाणी बघितलं, भरलेलं. होज पाइप दाबून बघितले, झाकणाचं रबर बघितलं, जाळी मागून पाण्याचा मारा करून धुतली. वॉटर पंपाचा दांडा हलवून बघितला, ढिला नाही. पाणी तापलं की त्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट काढून घरी नेला आणि गॅसवर पातेल्यात उकळला. ब्याऐंशी अंशाला उघडायला हवा, बरोब्बर ब्याऐंशीला उघडला. पातेलं दुधाचं निघालं म्हणून आमच्या हिने दोन दिवस अबोला धरला, ते वेगळं. हेड गास्केट फुटलंय का तेही तपासलं. तेलात पाणी नाही, पाण्यात तेल नाही, धुरात वाफ नाही. मग स्वतः तीस किलोमीटर पळवून आणली, भर दुपारी. काटा अर्ध्याच्या वर केसभरही सरकला नाही.

परत दिली. दोन दिवसांनी ती पुन्हा दारात. मग आणखी चार दिवसांनी. मी काटा बदलला, सेन्सर बदलला, तिच्या गिअर टाकण्यावर तोंडसुख घेतलं. ती निमूट ऐकून घ्यायची. मग तिला म्हटलं, एक वही कर. गाडी कधी काढलीस, कुठे गेलीस, काटा कुठवर गेला, सगळं लिही. मोजणीदाराची लेक, त्यातून ग्रंथालयातली. वहीचं नाव काढल्यावर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला.

चौथ्यांदा आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांचा धंदा आणि एक जुनी गाडी मला बोटांवर नाचवते म्हणजे काय! मी ते केलं जे दुसऱ्या कोणी केलं तर मी त्याला उभा-आडवा घेतो. थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणजे इंजिन गरम होण्याची वाट न बघता पाणी सतत फिरत राहील. आणि पंखा डायरेक्ट केला, म्हणजे चावी लावली की तो फिरणारच, गरज असो नसो. यात इंजिनाचं नुकसान असतं, ते कायम गारठलेलं राहतं. पण काटा तळाला चिकटून बसला, आणि मला तेवढंच हवं होतं.

"आता हिची काय बिशाद आहे गरम व्हायची," मी तिला सांगितलं. काढलेला थर्मोस्टॅट सवयीने हत्यारांच्या पिशवीत टाकला.

आठ दिवस काही कळलं नाही. नवव्या दिवशी दुपारी मीच फोन केला; खरं सांगायचं तर शाबासकी ऐकायला.

"गाडी छान चालतेय काका," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "ठकीला ॲडमिट केलंय. आठ दिवस ताप उतरलेलाच नाही."

नानांची नात. हातातलं काम टाकून स्कूटर काढली. मुलांचं छोटं इस्पितळ, तळमजला, शेवटची खोली. ठकी खिडकीजवळच्या खाटेवर होती. डोळे अर्धवट उघडे, ओठ सुकून पांढरे. कपाळावर ओल्या फडक्याची घडी, दुसरी घडी पोटावर. आई एक उचलायची, भिजवायची, पिळायची, ठेवायची, मग दुसरी. दोन्ही लगेच कोरड्या पडत होत्या. एकशे चार पॉइंट आठ. काल झटका येऊन गेला होता. डॉक्टरीणबाई मला व्हरांड्यात घेऊन म्हणाल्या, कुठलंच औषध लागू पडत नाहीये, संध्याकाळपर्यंत ताप खाली आला नाही तर पोरीचं काही सांगता येत नाही. मी घरचाच कोणी आहे असं त्यांना वाटलं असावं. मी खोडून काढलं नाही.

आत आलो तर तिने पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. "तुम्ही लिहायला सांगितलं होतंत."

उजव्या पानावर गाडी, माझ्यासाठी. डाव्या पानावर ताप, डॉक्टरांसाठी. तारीख, वेळ, सगळं नानांसारख्या बारीक अक्षरात, समोरासमोर.

सकाळी साडेनऊ, निघताना ताप एकशे तीन, काटा अर्ध्यावर. नऊ चाळीस, ताप एकशे एक, काटा पाऊण. नऊ पन्नास, ताप अठ्ठ्याण्णव. काटा लाल रेघेवर. तिच्या पुढची तारीख, तेच. त्याच्या पुढची, तेच. ग्रंथालयाच्या दिवशी पोर गाडीत नाही आणि काटाही अर्ध्यावरच. मग मी पंखा डायरेक्ट केला ती तारीख. तिथून पुढे उजव्या पानावर एकच शब्द खाली खाली उतरत गेला होता. तळाला, तळाला, तळाला. डाव्या पानावरचे आकडे चढत गेले होते.

मी वही दोनदा वाचली.

"तू हे बघितलंस?"

"मीच लिहिलंय काका."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगायचं? त्यांना की तुम्हाला?"

तिचं बरोबरच होतं. मी तिला हसलो असतो, आणि चारचौघांत हसलो असतो. म्हणाली, तापात पोर एकच धरून बसते, नानांच्या गाडीत ने. आता सलाइन लावलंय, हलवायचं नाही म्हणतात. एवढं सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. मला काही करायला सांगितलं नाही तिने. मीच उठलो.

गाडी इस्पितळाच्या मागच्या गल्लीत होती. ती ढकलत त्या खिडकीखाली आणली, पाणी सोडलं, पिशवीच्या तळातून थर्मोस्टॅट शोधला आणि जागेवर बसवला. एरवी वीस मिनिटांचं काम. घाईत दोन नट नालीत गेले, पिशवीतले दुसरे लावले. पाणी भरलं. पंख्याची वायर तोडून पहिल्यासारखी सेन्सरला जोडली. दुपारचे साडेतीन वाजले असतील. खिडकी उघडी होती. आई हातात थर्मामीटर घेऊन गजांशी उभी राहिली.

मी चावी फिरवली.

उभी गाडी, न्यूट्रलमध्ये, सावलीत. काटा अर्ध्यावर यायला पंधरा मिनिटं तरी लागायला हवीत. तो चार मिनिटांत आला आणि थांबला नाही.

पाऊण. पंखा सुरू झाला. वरच्या होजमध्ये पाणी खळखळायला लागलं, ते मला सीटवर बसून ऐकू येत होतं. खिडकीतून तिने चार बोटं दाखवली. एकशे चार.

काटा लाल रेघेवर आला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. तीन बोटं.

इतकी वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट बजावत आलोय. काटा लालात गेला की चावी बंद. पुढचा कोपरा गाठायचा नाही, घर जवळ आहे म्हणायचं नाही. माझा हात आपोआप चावीकडे गेला. दोन बोटं.

हात मागे घेतला.

काटा लालाच्या पलीकडे गेला. तिथे आकडे नसतात, नुसता काळा पत्रा असतो. खालून धातू धातूवर घासल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज मला ओळखीचा आहे. त्यानंतर कुठलंही इंजिन मिनिटभरसुद्धा टिकत नाही. हे टिकलं. मी घड्याळ बघत होतो. सहा मिनिटं. इंजिन आवळत होतं, अडखळत होतं, पण बंद पडत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला कशाचं रडू येतंय ते कळेना. मी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून म्हणत होतो, थोडं आणखी, नाना, थोडंसं आणखी.

एक बोट.

मग तिने बोट खाली केलं. खिडकीत नुसता तिचा चेहरा राहिला. तिच्या मागून बारीक, चिरका आवाज आला, पाणी दे म्हणून.

इंजिन बंद पडलं. मी चावीला हात लावला नव्हता.

खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि आयुष्यात दुसऱ्यांदा अर्धा तास न थांबता झाकण फिरवलं. काही उसळलं नाही. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. मी बोट बुडवलं. पाणी विहिरीतल्यासारखं गार होतं. आणि त्या गार पाण्याच्या मागे इंजिन पार जाम झालेलं. पुढे उघडलं तेव्हा चारही पिस्टन सिलिंडरला चिकटून बसले होते आणि हेड वाकडं झालं होतं.

ठकीला पुन्हा ताप आला नाही. याला आता आठ महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी शेवटी औषध लागू पडलं असं लिहिलं, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. गाडी विकायचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. माझ्याच मागच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे. इंजिन काढलंय, रेडिएटर फळीवर आहे, बॅटरी दुसऱ्या गाडीला लावून टाकली. रोज सकाळी शटर उघडलं की मी मागे जातो आणि बॉनेटवर तळवा ठेवतो. आमची ही म्हणते, वय झालं तुमचं. असेल. रोज पत्रा गार लागतो आणि मी कामाला लागतो.

आज सकाळी हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

शेडमध्ये ऊन येत नाही. फडक्याने धरून बॉनेट उचललं; आत इंजिनाच्या जागी खालची फरशी दिसत होती. बॉनेट खाली केलं आणि फोन लावला. ठकी कशी आहे विचारलं. "मजेत," ती म्हणाली. "खाली दोरीवरच्या उड्या मारतेय. ऐकू येतंय ना? का हो काका?"

ऐकू येत होतं. ठकी मोठ्याने मोजत होती, बेचाळीस, त्रेचाळीस.

"काही नाही, सहज," मी म्हटलं.

मग बादली भरून आणली. स्वच्छ फडकं भिजवलं, पिळलं, घडी केली आणि बॉनेटच्या मधोमध ठेवली. दुसरं फडकं भिजवेपर्यंत पहिलं कोरडं झालं होतं.