नऊशे चार उखाणे

नुसता उखाणा ऐकून तो कुणी घेतला हे ओळखता येतं का? मृण्मयीआजीचं म्हणणं, येतं. गुहागरात कुणी कोणता उखाणा घेतला ते सगळं मला तोंडपाठ आहे, असं ती चंद्रावरून ठणकावून सांगायची. हो, चंद्रावरूनच. आजी तिथल्या वेधशाळेत (दुर्बिणींनी आकाश पाहण्याच्या जागी) कामाला होती, पण तिचा जीव अडकला होता तो गावातल्या लग्नकार्यांत.

"मी खेळ तयार करते," तिची नात गोदा फोनवर म्हणाली. "पाच उखाणे. एक जरी चुकलीस तर मेच्या सुट्टीत मला चंद्रावर न्यायचं."

"आणि नाही चुकले तर?"

"तर सुट्टीभर मी नानांच्या कविता ऐकेन."

स्वयंपाकघरातून नाना मोठ्याने खाकरले.

"मंजूर!" आजी म्हणाली. "पण खेळ तुझ्या हातचा हवा. भोपळ्याने बोट लावायचं नाही."

भोपळ्या म्हणजे घरातला रोबो. हे ऐकून तो कोपऱ्यात फुगून बसला, पण मुळातच गोल असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बढाई मारून झाल्यावर अकरा वर्षांच्या गोदाने हिशोब मांडला. उखाणे होते 'उखाणेवही' नावाच्या गावच्या संकेतस्थळावर, एकूण नऊशे चार. हाताने उतरवायचे तर पुढच्या वर्षीचा मे उजाडला असता. आता वाजले होते दोन, आणि आजीचा फोन पाचला यायचा होता.

नाना म्हणजे गोदाचे आजोबा, निवृत्त संगणकशिक्षक. ते खवणीवर बसून नारळ खवत होते. गोदाचं रडगाणं ऐकूनही त्यांचा हात थांबला नाही.

"मी काय करतोय बघ. पांढरं खोबरं तेवढं ताटात, करवंटी मागे. तुझ्या प्रोग्रामनेही हेच करायचं. याला म्हणतात वेब स्क्रेपिंग (संकेतस्थळाच्या पानांवरून हवी तेवढीच माहिती प्रोग्रामकडून काढून घेणं)."

"पण खोबरं कुठलं आणि करवंटी कुठली, हे त्याला कसं कळणार?"

"पानाच्या पोटात डोकाव की!"

नानांनी तिला पानाचं आतलं रूप उघडायला लावलं. तिथे प्रत्येक गोष्टीला टॅग (एरवी न दिसणारी, संगणकासाठी लावलेली चिठ्ठी) होता. उखाण्याला एक, घेणाऱ्याच्या नावाला दुसरा. प्रोग्रामने पान आणायचं, हे दोन टॅग शोधायचे आणि त्यांच्यातला मजकूर यादीत ठेवायचा. बाकी सगळं, अगदी सरपंचांचा हसरा फोटोसुद्धा, सोडून द्यायचं.

"आणि आधी वहीचे नियम वाच," नाना म्हणाले. "परवानगी आहे का बघ. लोकांच्या परसात शिरून नारळ ओरबाडायचे नसतात, बाळा."

परवानगी होती, फक्त दर पानानंतर दोन सेकंद थांबायचं होतं. गोदाने टर्मिनल (चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरांची काळी खिडकी) उघडलं आणि टाइप करायला बसली. दोनदा कंस मिटायचा राहिला. दोन्ही वेळा नानांच्या खवणीचा आवाज वाढला. मग यादीतून यादृच्छिक निवड (फासे टाकल्यासारखी, कुणाच्याही मर्जीने न होणारी) आणि शेवटी लूप (अट पूर्ण होईपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणं). अंदाज विचारायचा, बरोबर आला तर शाबास, चुकला तर नावावरून एक इशारा. अंदाज एकूण तीन.

पाचला फोन आला. काळ्या खिडकीत पहिला उखाणा उमटला आणि गोदाने तो वाचला.

"डब्यात डबा, डब्यात लाडू,
निहाररावांचं नाव घेते, वाट नका अडवू."

"गार्गी!"

"आजी, कसं ओळखलंस?"

"अगं, निहारची बायको गार्गीच ना! प्रश्नातच उत्तर देतेस की तू!"

गोदाने कपाळावर हात मारला. नाव असतं म्हणून तर त्याला उखाणा म्हणायचं! दुसरा आणि तिसरा उखाणाही आजीने असाच गट्ट केला.

"दोन मिनिटं थांब," म्हणत गोदा पुन्हा पानाच्या पोटात शिरली. उखाण्यातलं नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव ठळक छापलेलं होतं, म्हणजे त्याला स्वतःचा टॅग असणारच. होता! तिने एकच ओळ वाढवली. त्या टॅगमध्ये जे असेल, त्याच्या जागी रेघ.

तरी चौथा आजीने दुसऱ्या अंदाजात ओळखलाच. गोदाच्या डोळ्यांपुढे नानांच्या कवितांची जाड वही नाचू लागली. आता एकच उरला होता.

"दुर्बिणीतून पाहिले तारे मी हजार,
______ नसेल तर घरात अंधार."

स्वयंपाकघरातली खवणी थांबली. आवाज चंद्रावर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. ते गोदाला अडीच तासांसारखे वाटले.

"हजार तारे पाहूनही अंधार?" आजी खो खो हसली. "झाकण काढलं नव्हतं का दुर्बिणीचं? कोण हा दिवटा? पराग?"

चूक. इशारा आला, नावात अक्षरं तीन.

"मग समीर! नाही? बिचारी त्याची बायको!"

दुसरा इशारा आला, नावाचं पहिलं अक्षर 'ओ'.

"हात्तिच्या! ओंकार!"

खिडकीत उत्तर उमटलं, आणि ते वाचताना गोदाचा आवाज चिरकला. "ओजस. आजी... आपले नाना!"

अडीच सेकंदांनी चंद्रावरून "अगं बाई!" एवढंच आलं.

नाना खोबऱ्याच्या हातांनीच दारात येऊन उभे राहिले. "मृण्मयी, लग्नात हा ऐकून तू हसली होतीस. चाळीस वर्षं मला वाटतंय, आवडला म्हणून."

"अरे, मुंडावळ्या नाकाला गुदगुल्या करत होत्या!" आजीचा आवाज आता ओशाळला होता. "त्या गोंगाटात मी ऐकलाच नव्हता रे ओजस." मग ती गोदाकडे वळली. "गोदे, तू जिंकलीस. मेमध्ये ये. आणि येताना नानांना घेऊन ये. इथल्या दुर्बिणीपाशी उभं करून तोच उखाणा घ्यायला लावते. या खेपेला नीट ऐकेन."

नानांनी डोळे पुसले आणि डोळ्यांत खोबरं गेलं म्हणून भोपळ्यावर ओरडले. गोदाचं तिकडे लक्षच नव्हतं. चंद्रावरच्या माणसांनी घेतलेल्या उखाण्यांची वही अजून कुणीच केली नव्हती, आणि तिचं पहिलं पान कसं मांडायचं, कुठल्या गोष्टीला कोणता टॅग लावायचा, हे ती काळ्या खिडकीत लिहू लागली होती.