वरच्या आळीचा भोंगा

त्या बुधवारी हेर्मिना वरच्या आळीत निघाली ती फक्त एक भोंगा उतरवायला. सोबत नगरपालिकेचा वायरमन वेंदेल, त्याची खडखडणारी व्हॅन, मागे शिडी आणि हत्यारांची पेटी. ऊन होतं, पण ऑक्टोबरातलं, नुसतं दिसणारं.

आमच्या क्रेमेनित्सात रस्त्यारस्त्यावर खांब आणि खांबाखांबावर भोंगा. दुपारी एकच्या ठोक्याला आधी एखादं गाणं वाजतं, मग सूचना. पाणी कधी जाणार, बटाट्याची गाडी कुठे उभी आहे, कोण कोंबड्या विकतंय. आणि कुणी गेलं असेल, तर गाण्याऐवजी बँडची शोकधून. ती वाजली की माणूस असेल तिथे उभा राहतो. पुरुष टोपी काढतात, बायका छातीवर क्रूस काढतात. मग नाव, वय, दफनाची वेळ. अशी सूचना लागोपाठ तीन दिवस देतात. गेली एकोणीस वर्षं या सूचना हेर्मिनाच वाचत आली होती. सूचना संपली की तिला बारीकसा खोकला यायचा, आणि एवढ्या वर्षांत तो खोकलाही गावाच्या ओळखीचा झाला होता.

वरची आळी म्हणजे गावाच्या पार डोक्यावर, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीखाली. एके काळी तिथे खाणकऱ्यांची चाळीस घरं नांदत होती. आता तीनच चुली पेटायच्या, तिन्ही विधवांच्या: पाउलामावशी, रोझामावशी आणि हेर्मिनाची आई बार्बोरा. मार्चच्या वादळात आळीच्या भोंग्याची तार तुटली, ती कुणी जोडलीच नाही. तीन म्हाताऱ्यांसाठी कोण शिडी चढतो!

आणि तरी म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, भोंगा बोलतो.

पहिल्यांदा त्यानं नाव घेतलं ओंद्रेय ग्रेक्साचं. ओंद्रेय हा खाणीतला जुना सुरुंगवाला, आळीतलं शेवटचं पुरुषमाणूस. नाव आलं तेव्हा तो म्हाताऱ्यांच्याच बाकावर बसून पाइप ओढत होता. त्या तिघी ताडकन उभ्या राहिल्या, आणि हा बसल्या जागी हसतोय. "काय झालं गं? मला तर काहीच ऐकू येत नाही!" तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी तो अंगणात, लाकडांच्या ढिगाशी पडलेला सापडला.

बरं, आवाज कुणाचा? तिघी एकमुखानं सांगत होत्या, हेर्मिनाचा. खोकल्यासकट. गोष्ट नगराध्यक्षांपर्यंत गेली आणि त्यांनी हिलाच फैलावर घेतलं. "जिवंत माणसाच्या मरणाची सूचना वाचता? पुन्हा कानावर आलं तर माइकला हात लावू देणार नाही." तेव्हापासून हेर्मिना माइकच्या खोलीची किल्ली गळ्यात घालून फिरत होती आणि ज्याच्या त्याच्यावर संशय घेत होती.

मंगळवारी संध्याकाळी आईचा फोन आला. "हेर्मा, तो भोंगा काढून ने. उद्याच. एकच्या आत."

आईनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. म्हणून तर हेर्मिनाला ते जास्तच खटकलं.

"खरं सांग वेंदेल," व्हॅन चढणीला लागल्यावर तिनं विचारलं, "चोरून तार जोडून कुणी गंमत करत नाही ना? तू नाहीस ना?"

"मी? अगं, सांगून जोडायची तार मी सात महिने जोडली नाही. चोरून जोडायचा उरक असता, तर मी वायरमन राहिलो असतो का?"

तिला हसू आलं, पण संशय काही गेला नाही.

आई खिडकीशी शिवणयंत्रावर बसली होती. पुढ्यात काळं कापड. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका आपले शेवटचे कपडे आधीच कपाटात तयार ठेवतात, त्यातलाच तो काळा झगा.

"हे काय काढलंयस, आई?"

"म्हातारीच्या कपाटात काळं नाही, तर काय पिवळं असणार?" आईनं मान वर केली नाही. "आधी भोंगा. वेळ किती झाली?"

"पाऊण."

"मग इथे काय उभी राहिलीस!"

वेंदेल खांबाला शिडी लावून चढला. तुटलेल्या तारेचं टोक त्यानं खाली दाखवलं, हिरवं पडलेलं, कशालाच न जोडलेलं. बोल्ट मात्र गंजले होते. तो वर बसून शिव्या घालत होता, खाली पाउलामावशी आणि रोझामावशी बाकावर हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आई दाराच्या चौकटीत. हेर्मिनानं गळ्यातली किल्ली चाचपली. किल्ली होती. खाली गावात आज माइकशी कुणीही नव्हतं.

चर्चच्या घड्याळात एकचा ठोका पडला.

दोघी मावश्या उठून उभ्या राहिल्या. गुडघ्यांना हात लावत, सावकाश. छातीवर क्रूस काढला. दारात आईनंही काढला. हेर्मिनानं कान टवकारले. वारा होता. खाणीकडे एक कावळा ओरडत होता. बाकी काही नाही... काहीच नाही.

तिनं वर पाहिलं. वेंदेलनं शिडीवर एका हातानं तोल सांभाळत टोपी काढली होती.

मग त्या तिघीही हेर्मिनाकडे बघायला लागल्या. आणि लगेच नजर फिरवली.

"काय झालं?" तिनं विचारलं. "पाउलामावशी, काय ऐकलंस तू?"

"कुठे काय... कोंबड्या गं. कुणीतरी कोंबड्या विकतंय."

"कोंबड्यांसाठी क्रूस काढतेस?"

"म्हातारपण... हात आपोआप जातो."

"आणि तू रे? टोपी का काढलीस?"

"घाम आला," वेंदेल म्हणाला. त्याचे ओठ थंडीनं निळे पडले होते.

हेर्मिना भडकली. "नाटकं करताय सगळे! मला वेड लावायचं ठरवलंय का?" तिला खरंच तसं वाटत होतं. माइक काढून घ्यायचा बेत असेल, आई एकटी पडलीये म्हणून मुलीला ओढून आणायची युक्ती असेल, काहीही असेल.

आई हळूच म्हणाली, "दोन दिवस झाले." मग मोठ्यानं, "हेर्मा, मी येते तुझ्याकडे राहायला."

सहा वर्षं पाया पडूनही ही बाई आळी सोडायला तयार नव्हती! तिनं काळा झगा चादरीत गुंडाळला, सुईदोऱ्याचा डबा घेतला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. मागे शिडीशेजारी तो भोंगा पडला होता. हेर्मिनाला उतरवताना वेंदेलनं तिचा हात धरला, आणि सोडायलाच विसरला.

तेव्हा तिनं मनाशी खूणगाठ बांधली: आईचं नाव आलंय. म्हणून झगा, म्हणून ही घाई, म्हणून ते मुलीकडे बघणं. तिला रडू फुटलं. भोंगा वेंदेलच्या वर्कशॉपमध्ये पडलाय, उद्या तिसऱ्यांदा वाजणार कसा? आईला नजरेआड होऊच द्यायचं नाही, बस.

संध्याकाळी आई कोचावर डुलकी घेत होती. हेर्मिनानं गाठोडं सोडलं, झगा हँगरला लावायला उचलला, आणि थांबली. आई जेमतेम तिच्या खांद्याला लागायची. झगा हेर्मिनाच्या पोटऱ्यांपर्यंत येत होता. तिनं बाही हाताला लावून पाहिली. बरोबर मनगटावर. खाली आणि बाह्यांना काळ्या कापडाची नवी पट्टी जोडलेली, टाके ताजे.

बाकावर बसून हसणारा ओंद्रेय तिला आठवला. *मला तर काहीच ऐकू येत नाही.* आज आळीत सगळ्यांनी ऐकलं होतं, एकटी ती सोडून.

"ठेव तो," मागून आई म्हणाली. "अजून व्हायचाय."

"कुणासाठी आहे, आई?"

"माप चुकलंय," आई म्हणाली. "दुरुस्त करता येतं. मी चाळीस वर्षं शिवण केलंय, मला सांगू नकोस." आणि सुईत दोरा ओवायला तिनं दिवा जवळ ओढला.

गुरुवारी सकाळी काळ्या पट्ट्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पडल्या होत्या, उसवलेल्या. झगा खुर्चीच्या पाठीवर होता, इस्त्री करून. आखूड. आईच्या मापाचा. आई चुलीपाशी उभी राहून शेवयांवर खसखस आणि साखर पेरत होती आणि वर्षानुवर्षांत दिसली नव्हती इतकी मजेत होती.

हेर्मिना त्या दिवशी कामावर गेली नाही. किल्ली तिच्या गळ्यात होती. दोघी जेवायला बसल्या तेव्हा घड्याळात एक वाजला.

आणि खिडकीबाहेरच्या खांबावर शोकधून सुरू झाली.

हेर्मिना उठून उभी राहिली. उठायचं नव्हतं तिला, पण पाय ऐकेनात. मग आवाज आला, तिचाच. नाव सांगितलं, बार्बोरा. वय ब्याऐंशी. दफन सोमवारी दोन वाजता. एकोणीस वर्षांत सूचना वाचताना हेर्मिना एकदाही रडली नव्हती. या आवाजाला मात्र शेवटच्या शब्दावर हुंदका फुटला, आणि मग तो बारीकसा खोकला.

समोर आई शेवया खात होती. तिनं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. उभ्या राहिलेल्या मुलीकडे तेवढं पाहिलं, बराच वेळ.

"वाजला का गं?" तिनं विचारलं. "मला काही ऐकू आलं नाही. काय म्हणतोय?"

हेर्मिनानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. खुर्चीवर झगा होता.

"कोंबड्या," ती म्हणाली. "कुणीतरी कोंबड्या विकतंय, आई."

"अस्सं," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग बस आता. गार होतंय."