खुर्चीच्या बदल्यात

आनंदाला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या बाच्या नावानं बोंब मारत होता.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पनवेल नगरपालिकेची निवडणूक. शाळेच्या फाटकाशी आमचं टेबल, रस्त्यापलीकडे बाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या काळूरामकाकांचं. आनंदा त्यांचा मुलगा. घोषणा देऊन त्याचा घसा पार बसला होता. मला हसू आवरेना. रस्ता ओलांडून मी त्याच्यापुढे खडीसाखर धरली.

"ईख तं नाय ना?" मी विषच आणलंय अशा नजरेनं बघत तो घोगऱ्या आवाजात बोलला.

"तुमचा बा जिंकला तं ईख देईन. आज खडीसाखरच हाय."

त्यानं खडा तोंडात टाकला आणि असं बघितलं, की परतताना मला आमचंच टेबल सापडेना.

निकाल लागला, बहुमत कुणालाच नाही. माझा बा, तुळशीराम, आणि काळूरामकाका एकत्र आले तरच सत्ता मिळणार होती. पण नगराध्यक्ष दोघांनाही व्हायचं होतं. मग आमच्या ओटीवर बोलणी सुरू झाली. झकेरियाशेठ मध्यस्थ. रोज तेच वाद, तीच तंबाखू. चहा उकळून उकळून मला त्याचा वासही नकोसा झाला होता. एकच बरं होतं — रिकामे कप घेऊन आनंदा मागच्या दारी यायचा.

"जमतंय का?" मी विचारायची.

"त्यांचं नाय... आपलं?"

"कप ठेव नि जा," मी म्हणायची, आणि तो जाऊ नये असं मनापासून वाटायचं.

शेवटी झकेरियाशेठही कंटाळले. "अरे भाई, एकाची बेटी, एकाचा बेटा. सोयरीक करा. पोरगी काळूरामच्या घरी, खुर्ची तुळशीरामला. किस्सा खतम!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. आईनं ताट आणलं, बानं सुपारी फोडायला अडकित्ता उचलला. आनंदा लाजून भिंतीकडे बघत होता. मला तरी दुसरं काय हवं होतं? पण मी पुढे झाले आणि ताटातली सुपारी मुठीत घेतली.

"बा, ही फुटली का मी खुर्चीच्या बदल्यात गेले. उद्या खुर्ची मोडली, तं मला परत धाडतील?"

काळूरामकाका ताडकन उठले. त्यांच्यामागून आनंदा खाली मान घालून निघून गेला. बोलणी फिसकटली ती कायमची, आणि तिसऱ्याच गटानं अध्यक्षपद पटकावलं.

बा माझ्याशी बोलेना. आनंदाही फिरकेना. मी त्याला गमावलं, असं वाटून चुलीपुढे कितीदा रडले.

मग एके दुपारी तो मागच्या दारी उभा. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली.

"तुझा राग आला व्हता..." तो थांबून म्हणाला. "पन तुझंच खरं व्हतं. ती सुपारी आपली नव्हती."

"मंग आज कशाला आलास?"

"इचारायला. आता बोलनी नाय, खुर्ची नाय. आपल्या लग्नात आता कोनाचाच फायदा नाय, वेणू."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

"माझा हाय ना," मी म्हटलं.