फासळीवरची टिचकी

काका बढाया मारणाऱ्यांतले नव्हेत. बोटभर मासा त्यांच्या तोंडी कधी हातभर होत नाही. म्हणूनच त्यांच्यावर गुदरलेलं हे, जसं ऐकलं तसं लिहितो आहे.

घरामागची शेड. दिवा लावावा की नाही, अशी ती अधांतरी संध्याकाळ.

काका आणि त्यांचे मेव्हणे त्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधत होते. पंखाच्या पत्र्याच्या फासळ्यांना भोकं पाडली की कडेला बारीक बोच उरते. ती तशीच राहिली, तर पुढे तिथूनच तडा जातो.

म्हणून एकानं कडा घासायच्या. दुसऱ्यानं प्रत्येक भोकावरून अंगठा फिरवायचा. पसंत पडलं, तर फासळीवर एक टिचकी.

टक्.

टिचकीवाचून एकही फासळी पंखात गेली नाही.

"बहिणीचं स्थळ बघताना एवढी पारख केली होती का, बुवा?" काका चिडवायचे.

"तेव्हा कानस घरी विसरलो होतो," मेव्हणे म्हणायचे.

उजवा पंख पुरा झाला, आणि मेव्हणे झोपेतच गेले.

काकूंनी एकच हट्ट धरला. "दादाच्या विमानात पहिल्यांदा मी बसणार. तुमच्या शेजारी."

डावा पंख काकांनी एकट्यानं हाती घेतला. त्या संध्याकाळी पहिली फासळी घासून त्यांनी खुंटीला टांगली, पाठ वळवली, आणि...

टक्.

पत्रा निवताना वाजतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढच्या फासळीलाही... टक्.

तिच्या पुढचीला मात्र काहीच नाही.

कुणीतरी श्वास रोखून धरावा, तशी शांतता.

काकांनी अंगठा फिरवला. एका भोकाशी रक्ताचा थेंब उमटला. बोच राहिली होती. ती घासली...

टक्.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं होतं.

"वाटली ना. पण त्या रिकाम्या शेडपेक्षा भीती परवडली."

टिचक्यांच्या भरवशावर डावा पंख बंद झाला. काकूंनी डोक्याला बांधायला नवा रुमाल आणला.

काका हत्यारं आवरत होते. तेवढ्यात...

खर्र... खर्र...

कानशीचा आवाज. उजव्या पंखातून. रिव्हेट मारून केव्हाच बंद केलेल्या पंखातून. त्याच्या कडा मेव्हण्यांनी घासल्या होत्या. टिचकी काकांची होती.

काकू दारात आल्या. "झालं म्हणालात ना? मग आता काय घासताय?"

काकांनी रिकामे हात पुढे केले.

खर्र...

काकूंनी चौकट घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी काकांनी रिव्हेट काढून पंख उघडला. प्रत्येक भोकावरून अंगठा फिरवला. कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत. कुठे बोच नाही, तडा नाही. फक्त शेवटच्या फासळीखाली धातूचा बारीक कीस पडला होता. ताजा. चमकणारा.

त्यांनी तो पुसून घेतला. पंख पुन्हा बंद केला.

आवाज अजूनही येतो. दिवेलागणीला.

काकूंचा रुमाल खुंटीवर तसाच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. "कधी उडायचं हो?" त्या मधूनच विचारतात, हलक्या आवाजात.

काका उजव्या पंखाला कान लावून उभे असतात.

"थांब जरा," ते म्हणतात. "अजून टिचकी आली नाही."